छत्रीचा लेखक कोण?

वाचनालयाच्या संगणकाने सकाळपासून तिसऱ्यांदा मान टाकली, तोवर ग्रंथपालकाकांचा चहा पार गार झाला होता. अकराला व्यवस्थापक बाई येणार होत्या. परत आलेल्या पुस्तकांची यादी त्यांच्यासमोर धड चालली नाही, तर काकांच्या पुतणीने चार महिने खपून लिहिलेला प्रोग्रॅम बासनात जाणार आणि जुन्या वह्या पुन्हा बाहेर निघणार.

"काका, पुस्तकांच्या यादीत छत्री कुणी घातली?" पुतणीने पडद्यावरची नजर न हलवता विचारलं. "प्रोग्रॅम एकेकाला लेखकाचं नाव विचारत जातो. छत्री काय सांगणार, कपाळ?"

काका उगाच चष्मा पुसू लागले. "मीच," ते पुटपुटले. "एका वाचकाची राहिली होती. ही यादी रोज उघडतो, म्हटलं, नजरेसमोर राहील."

आता ही रागावणार, असं त्यांना वाटलं. ती हसली. "चूक माझीच. यादीत काहीही चालेल, असं मीच सांगून ठेवलं होतं." तिने यादीपुढे टोकदार कंस काढून आत लिहिलं : पुस्तक.

"मग सापडलेल्या वस्तूंची यादी? ती पहिल्यापासून लिहायची?"

"छे हो! घालणं, काढणं, मोजणं एकदाच लिहिलेलं असतं. दुसरी यादी करताना कंसात 'वस्तू' म्हणायचं, झालं."

काकांनी कार्डांच्या कपाटाकडे पाहिलं. सुताराने सगळे खण एका मापाचे केले होते. आत काय राहणार, हे त्या बापड्याला ठाऊकही नव्हतं. ते पितळी चौकटीतल्या चिठ्ठीवर ठरायचं. पण त्यांना राहवेना. "चिठ्ठी असली तरी भलतंसलतं आत जातंच की. माझ्या 'इतिहास'च्या खणात सुतळी आहे."

"तुमचा खण मुका आहे. हा बघा." पडद्यावर, सापडलेली वस्तू पुस्तकांच्या यादीत घालणाऱ्या ओळीखाली लाल रेघ उमटली होती. "प्रोग्रॅम सुरू व्हायच्या आधीच अडवलं. बाईंसमोर नाक कापलं जाण्यापेक्षा बरं, नाही का?"

तिने वस्तूंची नवी यादी केली, ती ओळ तिच्याकडे वळवली, छत्री तिकडे हलवली. रेघ गेली.

अकराला बाई आल्या. यादी सरसर शेवटपर्यंत गेली. "हेच चालू ठेवा," म्हणून बाई निघाल्या तशी पुतणी खुर्चीत मागे रेलली.

काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. "काय गं, त्या कंसात यादीच लिहिली तर? याद्यांची यादी?"

"चालते की."

"आणि तिच्या पोटात आणखी..."

"काका, आधी चहा प्या!"