पाच एमबीचा घोळ

मी एक ऑडिओ फाईल बोलतेय. एकशे अठरा एमबीची. आकडा आधीच सांगून टाकते, कारण या घरात माझी विचारपूस तेवढीच होते. शी!

माझा जन्म एका जुन्या कॅसेटमधून झाला. बाबा दूरच्या बंदरावर क्रेन चालवायचे. तिथून त्यांनी आईसाठी चाळीस मिनिटं बोलून ती पाठवली होती. आता बाबा नाहीत आणि आईचे कान चाललेत. डॉक्टर म्हणाले, "काय ऐकवायचं ते लवकर ऐकवा." म्हणून ताईने कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली, तेच रेकॉर्डिंग दादालाही पाठवलं. दोघांनी आपापल्या घरी ते लॉसलेसमध्ये बदललं, म्हणजे आवाजाचा कणही न गाळता लहान केलं. ताईची झाले मी. दादाची निघाली एकशे तेवीसची.

झालं! दादाने फोनवर आकाशपाताळ एक केलं. "बाबांचा पाच एमबी आवाज गेला कुठे?"

"मी काय खाल्ला का रे?" ताई कडाडली. "तूच काहीतरी घुसडलं असशील."

दोन महिने हेच. सेटिंग बदलबदलून ताईने मला चौदा वेळा नव्याने बनवलं. आकडा जरासा हलायचा, बाबांचा आवाज तोच. पण ऐकतंय कोण! दोघं तोंडं फुगवून आकडेच बघायची. मला त्यांची किळस यायला लागली. अरे, माझं वजन कसलं करता, मला लावा ना एकदा!

आई दर रविवारी विचारायची, "झालं का गं?"

"थांब आई, आधी खरी कुठली ते ठरू दे."

शेवटी ताईच्या नवऱ्याने दोन्ही फाईली उघडून पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. आवाज दोन्हींत तंतोतंत सारखा. जास्तीचे पाच एमबी म्हणजे दादाचा फोटो! सूटबूट घालून काढलेला, स्वतःच कव्हर म्हणून चिकटवलेला. बापाच्या आवाजावर स्वतःचं थोबाड!

"बरा आला होता म्हणून लावला," दादा पुटपुटला.

"बघ, माझंच खरं निघालं!" ताईला कोण आनंद. त्याच तोऱ्यात तिने आईला खुर्चीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि मला सुरू केलं.

बाबांनी आधी आईला हाक मारली. मग क्रेनवरून दिसणारा समुद्र सांगू लागले. मी जीव तोडून वाजत होते. ताईने आवाज होता नव्हता तेवढा वाढवला.

आई दोघांकडे बघून हसली.

"लावा की आता," ती म्हणाली.