उलटं शिवलेलं पोतं

मी तांदळाचं रिकामं पोतं बोलतोय. भरलेला असतो तेव्हा बोलत नाही. आमच्या धंद्यात भरलेल्यानं गप्प बसायचं असतं.

जन्म व्हिएतनामच्या कारखान्यातला, पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या विणून झालेला. जग पाहिलं ते मात्र सिंगापुरात, चारुदत्तशेठच्या गोदामात. शेठ कुठल्या कॉलेजात धंदा शिकले नव्हते. चार दाणे दाताखाली धरून तांदूळ नवा की जुना ते सांगायचे. गिऱ्हाईक चिडलं की आधी चहा मागवायचे, मग भाव सांगायचे.

२०१४ साली समुद्रापलीकडच्या एका देशात सरकार पडलं. दुसरं आलं, तेही पडलं. दोन पक्षांच्या मारामारीत गावंच्या गावं छावणीत गेली. सिंगापूरच्या मराठी मंडळींनी तिकडे तांदूळ पाठवायचं ठरवलं. आता आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे: देणगी म्हटली की नाव आलं. तिथल्या मराठी मंडळाच्या घड्याळावर कुणाच्या तरी आजोबांचं नाव एवढं मोठं आहे, की काटे शोधावे लागतात. रॅफल्स प्लेसच्या बँकेतल्या पद्माकररावांची आई त्याच वर्षी गेलेली, आणि बराचसा तांदूळ त्यांनीच दिलेला. तेव्हा आम्हा सगळ्यांच्या छातीवर आईचं नाव छापलं, 'स्मरणार्थ' म्हणून, लालभडक अक्षरांत.

कंटेनर भरायच्या दिवशी रवींद्र मदतीला आला. जहाजावरचा इंजिनीअर, त्या देशाच्या बंदरात नेहमी जाणारा. मला उचलायला वाकला आणि तसाच थांबला. म्हणाला, तिकडे लाल रंग एका पक्षाचा. रस्त्यातल्या नाक्यांवर दुसऱ्या पक्षाची, निळ्या फितीवाली पोरं बसतात. लाल अक्षरांचं पोतं दिसलं तर तांदूळ मातीत, आणि नेणाऱ्याला मार.

"माझी आई कुठल्याच पक्षाची नव्हती हो," पद्माकरराव म्हणाले.

"त्यांना मराठी वाचता येत नाही, काका."

कुणी सुचवलं, काळा रंग फासू. शेठ म्हणाले, तांदळाला वास धरेल. तांदळाची आतली प्लास्टिकची पिशवी तशीच बाहेर काढा, पोतं उलटं करा, पिशवी परत आत घाला आणि पुन्हा शिवा. पद्माकररावांचा चेहरा उतरला. आईचं नाव आत जाणार, म्हणजे कुणालाच दिसणार नाही.

शेठनी त्यांच्या हातात चहा दिला. "पद्माकरराव, घास भरवताना आईनं कधी नाव सांगितलं होतं?"

पद्माकररावांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. पोत्याच्या शिवणीचं योग्य टोक ओढलं की सगळा दोरा सर्रकन सुटतो. त्यांना ते टोक काही सापडेना, पण दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात. मला त्यांनीच उलटं केलं, आणि नाव आत जाताना त्यावरून एकदा हात फिरवला.

पुढे जहाज, बंदर, छावणी. तिथं मी एका बाईच्या वाट्याला आलो. मला डोक्यावर घेऊन ती नाक्यावर पोचली. निळ्या फितीच्या पोरानं मला खाली उतरवलं, या कुशीवरून त्या कुशीवर लोळवलं. दोन्हीकडून कोरा. त्यानं विचारलं, हे कुणाचं?

"माझं," बाई म्हणाली.

त्यानं वाट सोडली.

तो तांदूळ कधीच संपला. आता ती माझ्यातून रानातला पाला आणते. कडा उसवल्यात, फार दिवस टिकणार नाही. तक्रार नाही, माल पोचला. जाण्याआधी एवढंच मागतो: द्याल तेव्हा असं द्या, की घेणाऱ्याला 'माझं' म्हणता येईल.