घडीखाली लपवलेले तुकडे

खोटं तुम्ही बोललात आणि घर सोडून ती गेली. तुम्ही म्हणजे कोण, ते मी सांगणार नाही. तुमचं तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या दिवशी तुमच्यापैकी एकालाही मान खाली घालावीशी वाटली नाही, म्हणून सगळ्यांच्या वाटणीची लाज अंगावर घेऊन मी इथे पडलोय.

मी दस्तरखान बोलतोय. जेवताना जमिनीवर अंथरतात ते कापड. नारीन शहराच्या वर, डोंगरात, बोझ-काइंग नावाच्या गावात असिलकान आपा म्हणून एक म्हातारी आहे, तिच्या घरी मी राहतो.

आमच्याकडे एखादं माणूस नातवंडं-पतवंडं पाहून, पिकलं पान होऊन गेलं, की त्याच्या मयताला आलेल्या बायकांना कापडाच्या पट्ट्या फाडून वाटतात. त्याचं आयुष्य आपल्याही घराला लाभावं म्हणून. असिलकान आपानं अशा पट्ट्या तीस वर्षं जमवल्या आणि एका हिवाळ्यात त्या जोडून मला शिवलं. त्यामुळे गावातल्या जवळजवळ प्रत्येक घराचा एक तरी म्हातारा माझ्या अंगावर आहे. मला कुणी ओलांडत नाही, माझ्यावर पाय देत नाही. कुणाच्या घरी कार्य निघालं की बायका यायच्या, "आपा, मोठं दस्तरखान द्या हो." मग मी दोन-दोन दिवस परक्या घरी राहून, चरबीचे डाग घेऊन परत यायचो.

मी माणसांना खालून बघत आलो. चेहरा मला नीट दिसत नाही, गुडघे दिसतात. आणि सांगतो, तोंडानं माणूस हवं ते बोलतो, गुडघ्याला खोटं बोलता येत नाही.

सहा वर्षांपूर्वी घरात सून आली, साल्किन. ओशच्या पलीकडची, दक्षिणेची. येताना तांदूळ आणि सुकवलेले जर्दाळू घेऊन आली, आणि गावानं पहिल्याच दिवशी नाक मुरडलं, "भात खाणाऱ्यांची पोर, थंडीत टिकायची नाही." ती टिकली. आपाचा मुलगा तिलेक मॉस्कोत बांधकामावर गेला. ही इथे बटाटे काढत, गाय दोहत, चार वर्षांच्या लेकीला, बेगाइमला सांभाळत राहिली. चहाचं पाणी उकळायच्या समोवारातल्या निखाऱ्यानं मला भोक पडलं, तेव्हा तिनं स्वतःच्या रुमालाचा कोपरा कापून तिथे लावला. माझ्या अंगावर दक्षिणेचं कापड आहे ते तेवढंच.

मग ती निवडणूक आली.

आमच्या देशात राष्ट्राध्यक्ष आजवर बदलले ते गर्दीनं राजवाड्याचं फाटक तोडल्यावर. मतपेटीनं कुणाला खुर्चीवरून उतरवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. या वेळी खुर्चीवर होता तो आमच्याच खोऱ्यातला. त्याच्या समोर दक्षिणेचा एक माणूस उभा होता, आणि कोण येईल हे खरोखरच कुणाला माहीत नव्हतं. 

ओमुरझाक अक्सकाल हे आमच्या गावातले सगळ्यांत मोठे पांढरदाढीवाले. त्यांनी घोडी कापली, आपाच्या अंगणात मला अंथरलं आणि बासष्ट घरांच्या कर्त्या माणसांना बोलावलं. जेवण झाल्यावर म्हणाले, "आता नान घ्या हातात."

नान हातात धरून शब्द द्यायचा आणि तो घास गिळायचा, ही आमच्याकडची सगळ्यांत जड शपथ. शब्द मोडला तर नान मारतो, असं मानतात. पण आमच्या लोकांनी तिलाही पळवाट काढली आहे: घास गिळलाच नाही, तर शपथ लागत नाही.

सगळ्यांनी घास उचलले. सगळे म्हणाले, "मत आपल्या माणसालाच." आणि मग माझी कड हलली. एक हात खाली आला, त्यानं मला जरासं उचललं आणि तुकडा आत सरकवला. जबडा मात्र वर चालूच होता. मग दुसरा हात. मग तिसरा. आणि शेवटी तो हात आला, ज्यानं मला शिवलं होतं.

आपाचा मला राग आला नाही. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात, नदीला पूर असताना, दवाखान्याच्या गाडीची वाट बघत गेला. गाडी पलीकडच्या काठावर उभी होती. तिथे पूल बांधून देतो असं आपल्या माणसानं दोनदा सांगितलं होतं. तिनं आणखी किती वाट बघायची?

सगळ्यांचं झाल्यावर ओमुरझाक म्हणाले, "साल्किन, तू पण ये पुढे."

आपा म्हणाली, "अहो, या घराची शपथ मी घेतली की. सुनेला कशाला?"

"तू उत्तरेची, ती दक्षिणेची. या घराला दोन लागतील!" सगळे हसले.

साल्किननं गुडघे टेकले. तिचे गुडघे स्थिर होते. "अक्सकाल, मी गिळला की शब्द पाळणार," ती खाली बघत म्हणाली. "मग मला पुन्हा विचारायला येऊ नका." आणि तिनं घास चावून चावून गिळला.

पाहुणे गेल्यावर आपा मला उचलायला आली. कडेखाली तेवीस तुकडे निघाले. ती त्यांच्याकडे बघत बसली आणि तोंडावर हात धरून हसायला लागली, लहान मुलीसारखी. गावात आपण एकटीच नाही, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. नान टाकून देता येत नाही, म्हणून तिनं ते भिजवून गायीला घातले. पण बोलली कुणाशीच नाही. तेवीस माणसं! त्यातलं एक जरी उठून म्हणालं असतं, "अक्सकाल, पूल कुठंय?" तर बाकीचे बावीस उठले असते. अजूनही हे आठवलं की माझे टाके तटतटतात.

मतदान शाळेत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी निकालाचा कागद शाळेच्या दाराला लागला. देशात दक्षिणेचा माणूस थोडक्यात जिंकला होता. दुपारी आपला माणूस दूरचित्रवाणीवर आला, हरलो म्हणाला आणि त्यानं जिंकणाऱ्याचा हात हातात घेतला. राजधानीत म्हणे अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. ओशला गाड्यांचे भोंगे वाजत होते.

आमच्या गावात कुणी दुकानातल्या दूरचित्रवाणी संचाचं तोंड भिंतीकडे केलं. कुणी म्हणालं, मतं मोजणारी यंत्रं विकली गेली. एक म्हातारा रडला, आणि तो खरंच रडला, त्याचं मला वाईट वाटलं. तीन-चार घरांत मात्र त्या दिवशी दारं लावून गोड चहा झाला.

पण खरी आग लागली ती शेजारच्या गावांच्या फोनांनी. कागदावर आमच्या गावाचा आकडाही होता: तीनशे अठ्ठ्याऐंशीपैकी एकशे एकोणपन्नास मतं दक्षिणेच्या माणसाला. "काय ओमुरझाक, घोडी खाऊन तुमच्याच लोकांनी पाडलं की राव! घोडी म्हातारी होती का?" असं लोक हसून विचारत होते. हरल्याचं दुःख गावानं सोसलं असतं. हसं झालेलं सोसेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच अंगणात मला पुन्हा अंथरलं. या वेळी माझ्यावर मांस नव्हतं. मधोमध एक नान, बस्स.

"या गावात बाहेरचं रक्त एकाच घरात आहे," ओमुरझाक म्हणाले.

ट्रॅक्टरवाला शार्शेन पटकन बोलून गेला, "म्हणजे एकट्या बाईनं एकशे एकोणपन्नास मतं टाकली? मग तिलाच राष्ट्राध्यक्ष करा!" दोघं-तिघं फिसकन हसले. ओमुरझाकांनी त्याच्याकडे नुसतं वळून बघितलं. शार्शेनचे गुडघे जवळ आले. त्याचा तुकडा माझ्या उजव्या कडेखाली होता, हे मला ठाऊक होतं. 

"एकटीचं मत नव्हे," ओमुरझाक म्हणाले. "ही घरोघर बायकांत बसते. कान भरले असणार."

साल्किनला बोलावलं. ती हात पुसत आली. ओल्या मातीचे हात होते, बटाटे काढत होती. नान बघितल्यावर तिला सगळं कळलं. कुणी सांगायच्या आधी तिनं तुकडा तोडला, सगळ्यांना दिसेल असा तोंडात घातला, गिळला.

"मी शब्द दिला होता, म्हणून मत तुमच्या माणसाला दिलं. माझा भाऊ फोनवर मला वेडी म्हणाला. तरी दिलं."

"दक्षिणेच्या गळ्यात आमचा घास अडकत नाही," मागून कुणीतरी म्हणालं. ज्यानं म्हटलं, त्याचाही तुकडा मी सांभाळला होता.

"गाव शांत होईपर्यंत तू माहेरी जा," ओमुरझाक म्हणाले. "तिलेकला मी कळवतो."

साल्किन आपाकडे वळली. "आपा, तुम्ही सांगा ना. तुम्ही मला ओळखता."

आपाचा तळहात माझ्यावर होता.  ती माझी एक सुरकुती सरळ करत होती, आणि तिथे सुरकुती नव्हती. मी मनातल्या मनात ओरडत होतो, बोल, आपा! तेवीस म्हण! नुसतं तेवीस म्हण, यांना कळेल! अंगणात बावीस माणसं श्वास धरून बसली होती. ती बोलेल या भीतीनं, आणि मला वाटतं, थोडं ती बोलावी म्हणूनही.

आपा म्हणाली, "थोडे दिवस जाऊन ये, पोरी."

 नेहमीप्रमाणे साल्किननं मला झटकलं, चार कोपरे जुळवून घडी घातली आणि कोनाड्यात ठेवलं. सकाळी ती बेगाइमला घेऊन ओशच्या गाडीत बसली. पोर विचारत होती, "आजी नाही येत?" आपा दारात उभी होती. गाडी वळली तरी उभी होती.

कुणालाही मत द्या, तो तुमचा हक्क आहे. ज्यानं आपल्या माणसाला दिलं त्यानंही पाप केलं नाही, ज्यानं दुसऱ्याला दिलं त्यानंही नाही. मला लाज वाटते ती नंतरची. देशानं एका दिवसात एवढी मोठी गोष्ट करून दाखवली, आणि आम्हाला एका अंगणात "मी दिलं" एवढं म्हणता आलं नाही. आणि मी? मी त्या तुकड्यांवर पांघरूण झालो. कापडाला दुसरं काय येतं, असं म्हणून मला सुटता येत नाही.

आज तीन आठवडे झाले. मला पुन्हा अंथरलंय. राजधानीहून दूरचित्रवाणीची माणसं आली आहेत. हरलेल्याच्या खोऱ्यानंही निकाल कसा शांतपणे स्वीकारला, ते त्यांना देशाला दाखवायचंय. ओमुरझाक नवी पांढरी टोपी घालून बसलेत. ते म्हणाले, "आमच्या गावात कुणी कुणाला वाकडा शब्द बोललं नाही." दुआ संपल्यावर फिरवतात तसे सगळ्यांनी तळहात चेहऱ्यावरून फिरवले. शार्शेननं सुद्धा.

माझी एक विनंती आहे. मला जेवायला अंथरा, मयताला अंथरा, हवं तर फाडून पुन्हा पट्ट्या करून वाटा. पण शपथा घालायला मला पुन्हा उघडू नका. यापुढे कुणाचा तुकडा लपवायची माझी ताकद नाही.

आपा वाटीत चहा ओततेय. काही थेंब माझ्यावर पडतायत. कॅमेऱ्याचं काम आटोपून तो चालवणारा तरुण माझ्या कडेला येऊन बसला, वाटी घेऊन घोटभर प्याला, आणि अगदी सहज, घरातल्यासारखा म्हणाला:

"आजी, या वयात तुम्ही काय चहा ओतताय? सून कुठंय तुमची?"