ही धार हाताची

मी दगडी कुऱ्हाड बोलतेय. असेन तळहाताएवढी, पण मला कमी लेखू नका. तीस हजार वर्षांपूर्वी जपानच्या डोंगरात एका माणसाने मला घडवलं. त्या काळी बहुतेक ठिकाणी लोक दगड नुसता फोडून कामाला लावत. माझ्या माणसाने मला फोडलं, आणि मग पाणी शिंपडत खडकावर घासून घासून धार काढली. त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

पुढे मी मातीत पडून राहिले. एका शेतकऱ्याला सापडले, तिथून दुकानदाराकडे आणि शेवटी प्राध्यापक मोरितांच्या हाती आले. आता दिवस पालटले म्हणावं, तर जाणकारांनी शिक्का मारला: धार दुकानदाराने मशीनवर काढलीय, कुऱ्हाड खोटी! मोरितांना ते पटेना, पण खोडूनही काढता येईना.

१९९३ साली ते उत्खननासाठी बहरीनला आले, तेव्हा फावल्या वेळात पुन्हा तपासायला मलाही घेऊन आले. बुदैयाजवळ खणताना माती खरवडायच्या त्यांच्या लोखंडी थाप्या बोथट झाल्या. त्यांनी थाप्यांची पिशवी सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये टाकली. गडबडीत मीही तिच्यातच गेले.

तिथे धार लावायला रत्नागिरीचा हमीद. पिशवीतून जे निघेल त्याला धार लावून मोकळा व्हायचा. त्याने मला उचललं, चाक सुरू केलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. माझ्या माणसाची सगळी मेहनत क्षणात भुगा होणार होती.

"दगडाक खयची धार लावतस रे?" वेल्डर शंभू हसला.

पण चाकाला लावण्याआधी हमीद नेहमी धारेवर अंगठा फिरवून आधीच्या माणसाचा हात ओळखायचा. अंगठा फिरला आणि थांबला. त्याने चाक बंद करून मला उजेडात धरलं.

"गप. ही मशीनची धार नाय. हाताची हाय."

संध्याकाळी मोरिता आले, तर हा धारेवरचे बारीक ओरखडे दाखवत त्यांच्यावरच उखडला. "सर, आय ऑलमोस्ट फिनिश धिस! लुक, मशीन लाइन ऑल सेम. धिस लाइन गो हिअर, देअर. मॅन टायर्ड, स्टॉप, अगेन स्टार्ट. गुड वर्कर, सर."

मग त्याने दुसरा एक दगड चाकावर घासून माझ्या शेजारी ठेवला. मोरितांनी दोघांना भिंगाखाली धरलं आणि दोन्हींवरचे ओरखडे एकेक करून वहीत उतरवून घेतले.

त्यांचा अहवाल छापला गेला आणि माझ्यावरचा डाग पुसला. माझ्या फोटोखाली लिहिलंय: धारेची पारख, हमीद सोलकर, सलमाबाद.

आता मी जपानच्या संग्रहालयात काचेमागे दिमाखात बसते. मला घडवणाऱ्याचं नाव मात्र मलाही ठाऊक नाही. तेव्हा कुणी लिहून ठेवत नसे. तुम्हाला लिहिता येतं. तुमच्या विळीला धार लावून देणाऱ्याला एकदा नाव तरी विचारा.