पाठीवरची शिवण

त्याला सगळे शेठ म्हणत. होता तो रंगारी. लोकांच्या भिंती रंगवण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. पण शिडीवर चढला की खाली उभ्या असलेल्या माणसाला तो रंगाबद्दल कमी आणि धंद्याबद्दल जास्त सांगायचा. एकदा जुन्या दारांची टेबलं करून विकायची म्हणून बारा दारं घरात आणून ठेवली आणि वर्षभर घरात आडवं होऊन चालावं लागलं. मग ढेकणांचं औषध काढलं. ढेकूण टुणटुणीत राहिले, शेजाऱ्याचं मांजर मात्र आजारी पडलं. मग घरोघरी जाऊन कात्र्यांना धार लावणं. दर वेळी पहिले आठ दिवस त्याचं जेवणावर लक्ष नसे आणि नवव्या दिवशी तो पुन्हा शिडीवर दिसे.

तो शेठ, म्हणून बायको ओघानेच शेठाणी. खिडकीशी मशीन टाकून ती लोकांचे कपडे दुरुस्त करायची. चेन बदल, कंबर सैल कर, पँट आखूड कर. "आमच्या शेठाणीपुढे भल्याभल्यांना पँट उतरवावी लागते," हा शेठचा ठरलेला विनोद होता आणि ती दर वेळी तोंड फिरवून हसायची. मूलबाळ नव्हतं. शेठची धाकटी बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची, औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायची.

एका सकाळी दात घासताना शेठ कोसळला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आला तेव्हा त्याच्याजवळ एकच शब्द उरला होता, 'बरं'. तहान लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, नको असलं तरी बरं. शेठाणीला त्या एका शब्दातले फरक लवकरच कळायला लागले. लांबवलेलं बरं म्हणजे कूस बदल. तुटक बरं म्हणजे नको. नणंद म्हणायची, दादाने जन्मभर इतकी बडबड केली की पोतं रिकामं झालं, तळाशी एवढा एकच दाणा राहिला.

सगळ्यात अवघड काम कपडे घालायचं. उजवा हात लाकडासारखा ताठ. तो बाहीत घालायचा तर एकीने पाठ उचलून धरायची आणि दुसरीने खांदा वळवायचा. खांदा वळला की शेठच्या डोळ्यांत पाणी यायचं. कामावर जाण्याआधी नणंद रोज येऊन हात लावायची. एका सकाळी ती आली नाही. शेठाणीने एकटीने खूप झटापट केली आणि शेवटी चिडून कातर घेतली. सदरा पाठीमागून उभा कापला, समोरून दोन्ही बाह्या अलगद चढवल्या आणि मागची टोकं पाठीखाली सारली. दोन मिनिटांत काम झालं. ती तिथेच पलंगावर बसून राहिली. इतके दिवस हे आपल्याला, शिवणाऱ्या बाईला, सुचू नये याचं तिला नवल वाटत होतं.

दवाखान्यातून आठवड्यातून एकदा तपासायला येणाऱ्या सिस्टरने तो सदरा पाहिला, उलटसुलट करून पुन्हा पाहिला. त्या अशा वीसेक घरांत जायच्या. प्रत्येक घरात हीच झटापट चालते, असे दोन सदरे शिवून द्याल का, असं त्यांनी विचारलं. मग जाताना दारात थांबून म्हणाल्या, "ताई, लगेच शिवायला बसू नका. आधी माझ्याबरोबर चला आणि त्यांना काय हवंय ते बघा."

शेठच्या सगळ्या धंद्यांत हेच राहून गेलं होतं. त्याने कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

शेठाणी दुपारी शेठजवळ शेजारणीला बसवून सिस्टरबरोबर हिंडली. मागे बंद बांधले तर गाठ मानेत रुतते, हे तिला पहिल्याच घरात कळलं. दुसऱ्या घरातल्या आजी म्हणाल्या, मागून उघडं राहिलं तर मी मेल्यावरच घाला, जिवंतपणी नको. एका सुनेला एका हाताने सुटेल असा बंद हवा होता, कारण दुसऱ्या हाताने सासूला धरावं लागे. निवृत्त मास्तर होते एक, कमरेखाली लुळे. त्यांनी कापडाला हात लावला आणि म्हणाले, "कॉलर हवी. आणि खिसा. पेन कुठे लावू?" बोटंही आता वळत नव्हती, पेनाने लिहिणं त्यांना जमत नव्हतं, असं त्यांच्या मुलाने बाहेर आल्यावर हळूच सांगितलं. शेठाणीने वहीत लिहून घेतलं: कॉलर, खिसा.

त्यानंतरचे दोन महिने तिच्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. हे तिला नंतर कबूल करताना जड गेलं, पण होते. सकाळी डोळा उघडला की डोक्यात बेत तयार असायचा. मागची उघडी फट काढून डाव्या बाजूला नेली. बंद पुढे घेतले. बगलेत चौकोनी तुकडा घालून बाही सैल केली. सदऱ्याचा गुडघ्यापर्यंतचा अंगरखा केला. आणि प्रत्येक नमुना घालून बघायला माणूस घरातच होता. शेठला घालायचं, बसवायचं, निजवायचं, काढायचं, एक टाका उसवायचा, पुन्हा घालायचं. "टोचतंय का हो?" ती विचारायची. तो म्हणायचा, "बरं." सुरुवातीला ती त्याच्याकडे बघून विचारायची. पुढे पुढे बगलेतल्या टाक्याकडे बघून विचारू लागली.

सिस्टरच्या ओळखीने वृद्धांच्या एका मोठ्या निवासाच्या व्यवस्थापकांशी गाठ पडली. माणूस सभ्य होता. त्यांना चाळीस अंगरखे हवे होते. पण त्यांच्याकडचे सेवक माणसाला वर सरकवायचं झालं की कपड्याला धरून ओढत, त्यामुळे पाठ मजबूत पाहिजे. आणि किंमत कमी पाहिजे. शेठाणीने कमी पन्ह्याचं, अरुंद, स्वस्त कापड घेतलं, पाठ दोन तुकड्यांत बेतली आणि मधोमध जाड दुहेरी शिवण मारली. दोन्ही बाजूंनी खेचून बघितलं, कापड फाटलं असतं पण ती शिवण हलली नसती. एक नमुना तिने व्यवस्थापकांकडे ठेवला. ते म्हणाले, दुसरा कुणाच्या तरी अंगावर आठ दिवस राहू द्या, मग आणून दाखवा. कसा टिकतो ते बघू. दुसरा तिने घरी येऊन शेठलाच चढवला.

त्या आठवड्यात नणंदेला दुहेरी पाळी होती आणि सिस्टर रजेवर होत्या. त्याच शिवणीचे आणखी सहा अंगरखे घरोघरी द्यायचे होते. शेठाणी मशीनवरून उठायची ती शेठला भरवायला आणि त्याचं खालचं बघायला. तोंड, हात, पाय पुसायची. अंगरखा काढायची नाही, काढला तर आठ दिवस कसले. कूस बदलायची, पण आठवेल तेव्हा. तिसऱ्या दिवसापासून शेठ 'बरं' म्हणायला लागला, एकामागून एक, तुटक तुटक. मशीन चालू असलं तरी ते ऐकू येत होतं.

"अजून थोडे दिवस," ती पाठमोरी राहूनच म्हणाली. "तुमचेच धंदे करतेय ना मी?"

सहाव्या दिवशी नणंद आली तेव्हाही शेठचं तुटक 'बरं' चालूच होतं. तिने भावाला आंघोळ घालायला घेतलं. अंगरखा वर करून त्याला कुशीवर वळवलं आणि तिने शेठाणीला हाक मारली. माकडहाडावर काळपट डाग होता, मध्ये कातडी गेलेली. डागातून वर पाठीवर एक उभी, सरळ, लालभडक रेघ गेली होती, पट्टीने आखावी तशी. रेघेत टाक्यांच्या खुणासुद्धा दिसत होत्या.

सिस्टर परत आल्या, त्यांनी जखम साफ केली. जखम वरून दिसते त्याहून आत खोल गेली आहे, असं म्हणाल्या. डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली. अंथरुणाला खिळलेल्यांना असे व्रण काळजी घेऊनही होतात, हे सिस्टरनी दोघींना बसवून समजावलं आणि ते खोटं नव्हतं. ताप मात्र उतरला नाही. तिसऱ्या आठवड्यात शेठ गेला. शेवटचे चार दिवस त्याने तो शब्दही उच्चारला नाही.

लोक येऊन गेले. घर रिकामं झालं. नणंद भावाचे ब्रश घेऊन जायला आली, ते एका जुन्या डब्यात केस वर करून उभे होते. डबा उचलला आणि तशीच उभी राहिली.

"वहिनी, तो नको म्हणत होता. तुला कळत होतं ना?"

शेठाणीला नाही म्हणता आलं असतं. त्या एका शब्दाचा अर्थ लावायला घरात तिसरं कुणीच नव्हतं.

"कळत होतं," ती म्हणाली.

नणंदेने मान हलवली. आरडाओरडा केला नाही, रडलीही नाही. डबा छातीशी धरून गेली, आणि नंतर त्या घरात पुन्हा आली नाही. रस्त्यात दिसली तर थांबून तब्येत विचारायची, परक्या बाईला विचारावी तशी.

शेठाणीने मशीनवर चादर टाकली. महिनाभर ती पलंगावर बसून भिंत बघत राहिली. मग एका दुपारी सिस्टर निरोप घेऊन आल्या. मास्तरांच्या घरी अंगरखा फार आवडला होता, त्यांना आणखी दोन हवे होते. शेठाणी उठून उभीच राहिली. दिलेले सहा अंगरखे सहा पाठींवर होते, आणि महिनाभरात ते तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

ती तशीच पायात चपला सरकवून निघाली. दोन दिवसांत सहाही घरं केली. प्रत्येक दारात सांगितलं की शिवण चुकली आहे, परत द्या, दुसरा फुकट देते. आजींच्या पाठीवर नुसती लाली आली होती. त्यांच्या मुलीने शेठाणीला उंबऱ्यावरच उभं केलं आणि बरंच ऐकवलं. तिने ऐकून घेतलं. मास्तर अंगरखा द्यायला तयार होईनात. तुमची चूक तुम्ही निस्तरा, माझी कॉलर मी देणार नाही, म्हणाले. शेवटी तिने तिथेच बसून दुसरा अंगरखा हाताने शिवला, कॉलरसकट, मग त्यांनी पहिला अंगावरून काढू दिला.

या अंगरख्याची पाठ तिने अख्ख्या एका कापडाची बेतली. पाठीला कुठेच शिवण नाही, जोड सगळे पुढे आणि बाजूला. सेवकांना ओढायला दोन्ही कुशींवर रुंद पट्ट्या. कापड जवळजवळ दीडपट लागायचं. तो घेऊन ती व्यवस्थापकांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकलं. नवऱ्याबद्दल वाईट वाटलं असं म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटलं असावं. पण पहिला नमुना सगळ्यांना पसंत पडला होता, तुमच्याकडून निरोप आला नाही म्हणून दुसऱ्या शिंप्याला दिला, असं त्यांनी सांगितलं.

"आमच्याकडे दर दोन तासांनी कूस बदलतात," ते म्हणाले.

"सगळ्यांची?"

त्यांनी घड्याळ बघितलं. बाहेर पडताना शेठाणीला मागच्या अंगणात दोऱ्यांवर वाळणारे अंगरखे दिसले, फिक्या निळ्या रंगाचे, एका मापाचे. वाऱ्याने फिरले की प्रत्येकाच्या पाठीवर ती जाड उभी शिवण दिसायची. तिचीच होती. टाकाही तिने घेतला होता तेवढाच बारीक.

कपडे वाळत घालणाऱ्या बाईला विचारून ती त्या शिंप्याच्या दुकानात गेली. अरुंद दुकान, एकच मशीन, चष्मा नाकावर घसरलेला वयस्क माणूस. बाजूला निळ्या कापडाची चळत होती. तिने सांगितलं की पाठीवर शिवण ठेवू नका.

"मला नमुना दिला तसा मी शिवतोय, ताई," तो म्हणाला. "दोन तुकड्यांत कापड वाचतं. नमुना ज्याने केला त्याला अक्कल आहे."

"मीच केला तो."

त्याने मशीनवरचा पाय काढला आणि तिच्याकडे नीट बघितलं. मग त्यात वाईट काय आहे, असं विचारलं. तेव्हा तिने सांगितलं. आजवर तिने हे कुणाला सलग सांगितलं नव्हतं. आठ दिवसांचं, तुटक शब्दाचं, पाठमोरं राहून दिलेल्या उत्तराचं, रेघेचं. सांगून झाल्यावर शिंप्याने चळतीकडे हात केला. वीस पाठी बेतून झाल्या होत्या, उभ्या कापून. त्याचं आता काही होण्यासारखं नव्हतं, हे दोघांनाही दिसत होतं. कापड त्याने स्वतः आणलं होतं आणि टाकून देणं त्याला परवडणारं नव्हतं.

तिने पिशवीतून नव्या नमुन्याचा कागद काढून मापाच्या टेबलावर पसरला. बाही कुठे बसते, पट्ट्या कुठे येतात, बंद एका हाताने कसा सुटतो, सगळं दाखवलं. त्याने दोनतीन प्रश्न विचारले, ते जाणकाराचे होते. मग, हा कागद कितीला देणार, असं त्याने विचारलं.

"असाच ठेवा," ती म्हणाली. "पुढचे यावर बेताल?"

"ते कापडाला किती देतात त्यावर आहे. विचारून बघतो."

याहून जास्त तो काही बोलू शकत नव्हता. त्याने कागदाची घडी केली आणि खिळ्यावरच्या इतर मापांच्या कागदांवर अडकवली. शेठाणी रिकामी पिशवी घेऊन बाहेर आली. कोपऱ्यापर्यंत पोचेपर्यंत तिला मागे मशीन पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू येत होतं.