मागच्या काचेतून दिसलेला धूर

आमची गाडी तेल प्यायची. पेट्रोल नाही हो, इंजिनातलं तेल. इतकं, की तिच्या निळ्या धुराला कंटाळून गल्लीतले डास बिऱ्हाड हलवून पलीकडच्या गल्लीत राहायला गेले. हसताय काय? पलीकडच्या गल्लीत जाऊन विचारा.

लेकाला मात्र हसू येत नव्हतं. तो बॉनेट उघडून डबा ओतायचा आणि पुटपुटायचा, "आई, ही गाडी आहे की कढई?" शेवटी त्याने सांगून टाकलं. इंजिन उतरवायची वेळ आली असेल, तर गाडी सरळ भंगारात.

मी म्हटलं, आधी मिस्त्रीला तर दाखवू. का, ते सांगते. माझी थोरली बहीण नदीपलीकडे राहते. तिच्या घरात माणसं फार आणि दारं कमी, मनातलं बोलायला कोपरा नाही. म्हणून सूनबाई दर आठवड्याला मला तिथे घेऊन जाते, फाटकापाशी गाडी लावते आणि स्वतः बाजारात जाते. मग आम्ही दोघी म्हाताऱ्या मागच्या सीटवर काचा वर करून बसतो. भांडतो, रडतो, गेलेल्यांची आठवण काढतो, आहेत त्यांची हजेरी घेतो. ती सीट म्हणजे आमची खोली. गाडी गेली की खोली गेली.

मिस्त्रीने आधी रात्रभर गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडा.

"गळत नाही, आजी. जळतंय."

मग प्लग काढून आतला दाब मोजला. तो धड चांगला नाही, धड वाईट नाही, आमच्या व्याह्यांसारखा.

"आता धूर कधी येतो ते बघायचं," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "चढावर जोर लावताना सारखा आला, तर आतल्या दट्ट्याच्या रिंगा गेल्या. इंजिन उतरवावं लागणार. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडला आणि खाली आल्यावर पुन्हा दाबताना भसकन आला, तर व्हॉल्व्हवरच्या तेल अडवणाऱ्या रबरी टोप्या कडक झाल्यात. ते काम हलकं. पण चालवणार मी, वळणावळणाच्या रस्त्यावर माझी नजर मागे जायची नाही. मागे कोण बसतंय?"

लेक कामावर, सूनबाई कामावर. उरले मी.

कमरेला उशी लावून मी मागे तोंड करून बसले. आणि बसतानाच उत्तर ठरवून टाकलं. चढावर कितीही धूर येवो, मला दिसला नाही! म्हातारीचे डोळे, कोण तपासायला येतंय?

चढ लागला. इंजिन कण्हायला लागलं. मागे रस्ता दिसत होता, कुंपण दिसत होतं, ढुंगण उचलून पायडल मारणारा एक सायकलवाला दिसत होता. धूर नव्हता. माथा ओलांडला, मिस्त्रीने पाय उचलला, गाडी आपली नुसती घरंगळत खाली. तळाशी त्याने पाय दाबला मात्र, मागे निळा लोट उठला आणि सायकलवाला त्यात गडप. पुन्हा एक फेरी मारली. पुन्हा तसंच.

आता मला आनंद व्हायला हवा होता की नाही? पण घर येईपर्यंत मी तोंड पुढे वळवलं नाही. मला हवं होतं तेच दिसलं होतं. आणि जन्मभर मी दुसरं काय केलं? आपल्याला हवं ते रंगवून लोकांना दाखवलं. आता खरं सांगायची वेळ आली, तर ते माझ्या तोंडून कोणाला खरं वाटणार?

संध्याकाळी लेक आला. मिस्त्री दारातच उभा.

"बोल आई, काय पाहिलंस?"

"चढावर काही नाही. उतार संपल्यावर पाय दाबला, तेव्हा आला. दोन्ही वेळेला."

"मग?"

"मग काय?"

"मग पुढे काय झालं? अग्निशमनवाले आले? गाव रिकामं झालं?"

"सायकलवाला खोकला."

"एवढंच?"

"एवढंच दिसलं रे बाबा."

आतून सूनबाई हातातलं काम टाकून बाहेर आली. "आई, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

लेक माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी तो न सांगता अभ्यासाला बसला की मी त्याच्याकडे बघायचे, अगदी तसा. मी पण नजर हलवली नाही. मग तो मिस्त्रीकडे वळला. "टोप्या बदला."

ते काम मी खुर्ची टाकून बघितलं. प्लगच्या भोकातून मिस्त्रीने सुती दोरी आत सारली, हातभर, अजून हातभर. मग खालचा दट्ट्या वर चढवला, म्हणजे दोरीचा गोळा व्हॉल्व्हना खालून टेकू देतो आणि ते आत पडत नाहीत. इंजिन जागच्या जागी! जुन्या टोप्या त्याने माझ्या तळहातावर ठेवल्या. वाळलेल्या संत्र्याच्या सालीसारख्या झाल्या होत्या. इतकी वर्षं तापात राहून राहून कडक झालेल्या. मऊ होत्या तोवर धरून होत्या, बिचाऱ्या.

गाडी अजून थोडं तेल घेते. वय झालं की एवढं चालायचंच.

परवा मागच्या सीटवर बसून मी ताईला सगळं सांगितलं. ती दोरीपाशी अडली.

"दोरीने इंजिन दुरुस्त केलं? फेक, अजून फेक."

"अगं, देवाशपथ!"

"देव पण कंटाळला असेल तुझ्या शपथांना." तिने पदर सावरला, फाटकाकडे एकदा बघून घेतलं आणि माझ्या जवळ सरकली. "ते इंजिन राहू दे. आधी ती काच वर कर. कालपासून पोटात धरून बसलेय."