बिबड्यांचा कोपरा

धुरपदाबाईच्या गच्चीवर पवनचक्की बसून आठ दिवस झाले, पण ती मेली एकदाही धड फिरली नाही. लिंबायतच्या त्या गल्लीत येणारा-जाणारा मान वर करायचा न् हसायचा. समोरची सरस्वती ओट्यावरूनच ओरडली, "काय धुरपदाबाई, कावळ्यांना झोका बांधला का?"

"तुझ्या तोंडाला पाती लावली असती, तर आख्ख्या लिंबायतला लाइट पुरली असती!"

जबाब दिला खरा, पण बोल काळजात रुतला. चक्कीचा हट्ट तिचाच होता. लाइट गेली की वरच्या पत्र्याच्या खोलीत सून मयुरी आणि तिचं तान्हं नुसतं शिजून निघायचं. तिथला पंखा चालला पाहिजे, एवढंच म्हातारीच्या डोक्यात होतं. आणि मुलगा प्रवीण सांगून बसला होता, "आई, परवा अखाजीचा सण. तोवर फिरली नाही तर भंगारात देईन."

तिनं लोटूला बोलावलं. कापडाचे लूम दुरुस्त करणारा हा मिस्त्री. चक्की त्यानंच बनवलेली.

"मावशी, जिन्याच्या खोलीआड वारा कुठून येणार? मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पश्चिमेच्या कोपऱ्यात उभी करू. तुम्हीच..."

तिनं डोळे वटारले.

खोटं तो बोलत नव्हता. तो कोपरा तिचा. तीस वर्षं तिथं ज्वारीचे पापडासारखे बिबडे वाळत आलेले. चपला घालून कुणी तिथं पाय ठेवला तर ती सात पिढ्या उद्धरायची. आताही तिथं धोतर पसरलेलं होतं, चारी टोकांना चार दगड. दुपार कलली की समुद्राकडचा वारा सुटायचा, दगड नसते तर धोतर पार उधना स्टेशनापर्यंत गेलं असतं.

दगडांकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग पदर खोचला न् ओले बिबडे गोळा करायला बसली.

"आई, अगं बिबडे?" पाठोपाठ वर आलेला प्रवीण म्हणाला.

"जिन्यापाशी वाळतील. ऊन सगळीकडे पडतं, वारा नाही. एवढं कळत नाही, न् म्हणे मॅट्रिक! पाइप धर."

लोटूनं पाइप उंच केला, तीन बाजूंनी तारेचे ताण दिले. ताण आवळेस्तोवर धुरपदाबाई पाइपाला मिठी मारून उन्हात उभी. अडीचच्या सुमाराला पाती कुरकुरली, थांबली, पुन्हा हलली, आणि मग अशी सुटली की किती पाती आहेत ते मोजता येईना.

अखाजीच्या दुपारी गल्लीची लाइट गेली. पत्र्याच्या खोलीत पंखा फिरतच होता, तान्हं हातपाय पसरून झोपलेलं. खालून सरस्वतीची हाक आली, "तुमच्याकडे लाइट कशी व?"

"लाइट नाही, वारा शे! नातवंडांना घेऊन वर ये, उकाड्यात नको बसू."

लोटू आमरसाच्या ताटावर बसला होता. तिनं खापरावर भाजलेला पुरणाचा मांडा त्याला वाढला, वर दुसराही वाढला. लोटूला धीर आला.

"मावशी, मी म्हटलं होतं ना, त्या कोपऱ्यात..."

प्रवीणचा घास हातातच थांबला.

"म्हटलं होतंस," धुरपदाबाई म्हणाली. "खा आता."